वेमथला तू काय खात होतीस

वेमथच्या समुद्रावर बाकावर बसून आपण घरच्या पोळ्या खाल्ल्या, ते आपलं दोघांचं शेवटचं बाहेर जाणं. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि तू केलेली बटाट्याची सुकी भाजी. वारा असा की डब्याचं झाकण धरून बसावं लागत होतं. आजूबाजूला सगळे कागदातून चिप्स खात होते, व्हिनेगरचा वास नाकात जात होता, आणि तू माझ्याशी बोलत नव्हतीस. मी म्हणालो, भाजी चांगली झालीय. तू समुद्राकडे बघत राहिलीस. मग एक सीगल आला आणि माझ्या हातातली पोळी घेऊन गेला. तेव्हा मात्र तू हसलीस.

"बघा," म्हणालीस, "त्यानं विचारलं का तेल कुठलं ते?"

त्यानंतर आठवडाभरात तू गेलीस, शालन. कशी गेलीस, कुठल्या वॉर्डात गेलीस, डॉक्टर काय म्हणाले, ते मी इथं लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलंय.

मराठी मंडळाच्या लोकांनी त्यांच्या अंकात छापायला चार ओळी लिहून आणल्या होत्या. सुस्वभावी, मितभाषी, पतिपरायण. मितभाषी! ते वाचून मला शंका आली की ही दुसरीच कोणी बाई गेलेली दिसते. मी म्हणालो, राहू द्या, मीच लिहितो. ते एकमेकांकडे बघायला लागले. मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस, हे सगळ्यांना माहीत आहे. असू दे. मला तुझ्याशी बोलायचंय, त्यांच्याशी नाही.

बोलायचंय म्हणजे विचारायचंय. तू असताना विचारलं, तर तू उडवून लावलंस. आता तरी सांग.

त्या दिवशी आपण डबा खाणार नव्हतोच. डबा तू नुसता घेतला होतास, मला ओळखून. बेसिंगस्टोकहून गाडीत बसतानाच तू म्हणालीस, "आज मी बाहेर जेवणार. टेबलावर बसून. कोणीतरी आणून देईल आणि कोणीतरी उचलून नेईल." मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो. पण उतरल्यावर पहिलंच दुकान लागलं चिप्सचं, आणि मी विचारलं तेल कुठलं. तो पोरगेलासा माणूस मोठ्या अभिमानानं म्हणाला, बीफ ड्रिपिंग, आजोबांच्या वेळेपासून. म्हणजे गाईची चरबी. मी तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालीस, "पुढं चला."

पुढच्या दुकानात तेल होतं साधं, पण मासा आणि बटाटा एकाच कढईत. मी म्हणालो, मला कढई बघू दे. मागं रांग लागलेली. एक बाई म्हणाली, "ओ, फॉर गॉडस् सेक." तू माझी बाही ओढलीस. तिसरं होतं एका हॉटेलातलं, पडदे, मेणबत्त्या, आणि खाली कार्पेट. ज्या ठिकाणी जेवतात तिथं कार्पेट घालणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवत नाही. सांडलेलं जातं कुठं? चौथं आपल्या लोकांचं. तिथं तर मी दारातूनच वळलो. मालक धावत बाहेर आला, "अंकलजी, व्हेज भी है, एकदम अलग बनता है." अलग बनता है, आणि डाव किती आहेत? मी विचारलं. तो हसला. हसणाऱ्या मालकाकडे एकच डाव असतो.

तू म्हणालीस, "तुमच्या डोक्यात किती घाण आहे हो."

माझ्या डोक्यात नाही, मी बघितलीय. ब्रॅकनेलला कॉम्प्युटरच्या कंपनीच्या कँटीनमध्ये मी म्हातारा होईपर्यंत भांडी घासली. कंपनीचं नाव घेत नाही, आता ती तिथं नाहीही. वर काचेच्या इमारतीत शर्ट घातलेली माणसं सॅलड खायची आणि खाली मी बघायचो, काळं झालेलं तेल गाळून परत कसं कढईत जातं, आणि ज्या फडक्यानं टेबल पुसलं त्यानंच ताटाची कड कशी पुसतात. एकदा हे बघितलं की माणूस बाहेर जेवत नाही. म्हणून आपण कुठंही गेलो तरी डबा. आपल्या नीताच्या पदवीच्या समारंभाला सगळे रेस्टॉरंटात गेले आणि आपण कार पार्कात दशम्या खाल्ल्या. तू तेव्हा काही बोलली नव्हतीस. उशिरा, घरी आल्यावर बोललीस, आणि बरंच बोललीस.

पण मुद्दा तो नाही. मुद्दा पाचव्या जागेचा.

हार्बरच्या कडेनं आपण चाललो होतो, बोटी बांधलेल्या, दोऱ्यांचे ढीग पडलेले. माझे गुडघे दुखायला लागले होते. तिथं निळ्या दाराचं एक लहानसं कॅफे. खिडकीत एक बाई, लाल चष्मा, पांढरे केस कापलेले. तिनं काचेतून हात केला. हसून केला, ओळखीचा. आणि तू मान वळवून बोटीकडे बघायला लागलीस. आख्ख्या जन्मात तू बोटीकडे एवढं बघितलं नसशील. देवगडच्या बाजूची पोर तू, बोटी तुला काय नवीन?

"ती तुला ओळखते?" मी विचारलं.

"मला कशाला ओळखेल? हे लोक सगळ्यांनाच हात करतात."

"मला केला नाही."

"तुमचं तोंड बघा आधी. कोण करेल?"

मी म्हणालो, चल, मग इथंच जेवू. टेबलं आहेत, कार्पेट नाही. तू म्हणालीस, नको. दिवसभर तू म्हणत होतीस आत चला, आत चला, आणि इथं तू म्हणालीस नको. आता डबाच खाऊ, म्हणालीस, भूक मेली माझी. आणि माझ्याआधी तू बाकाकडे चालायला लागलीस.

मी त्या वेळी गप्प बसलो. पण मी आंधळा नाही.

आता जे वाचतील त्यांना माहीत पाहिजे म्हणून सांगतो. आमच्या घरात माळ. माझ्या वडिलांच्या गळ्यात होती, माझ्याही आहे. घरात मासा-मटण नाही, अंडंही नाही. आणि शालन समुद्राची. तिच्या माहेरी सकाळी मासा, संध्याकाळी मासा. लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांनी विचारलं, मुलीला चालेल का? तिचे वडील काही म्हणायच्या आत आतून हिचाच आवाज आला, "चालेल." एवढा एक शब्द. पुढं जन्मभर तू म्हणत आलीस, तुम्ही मला मासे सोडायला लावलेत. आणि मी म्हणत आलो, तू सोडलेस. हे भांडण आपलं मिटलं नाही आणि आता मिटायचं नाही. पण मी माझी बाजू सोडत नाही. मी तोंड उघडलं नव्हतं. चालेल तू म्हणालीस.

सुपरमार्केटात गेलं की तू माशांच्या काउंटरपाशी थांबायचीस. विकत कधी घेतलं नाहीस, पण थांबायचीस. बर्फावर ठेवलेल्या बांगड्याकडे बघून नाक मुरडायचीस.

"काय मेलेले मासे ठेवलेत."

"मासे मेलेलेच असतात."

"तुमका काय कळता माशातला!" रागावलीस की तुझी भाषा माहेरची व्हायची. मग काउंटरवरच्या माणसाला तू इंग्रजीत सांगायचीस, कल्ले उघडून दाखव, लाल आहेत का बघू. तो बिचारा उघडून दाखवायचा. तू मान हलवायचीस, थँक्यू म्हणायचीस आणि दुधाकडे जायचीस. त्याला काय वाटत असेल देव जाणे.

आणि मग ती उन्हाळ्यातली बायकांची कोच ट्रिप. दर वर्षी मंडळाच्या बायका बस करून समुद्रावर जायच्या आणि बहुतेक वेळा वेमथलाच. मी कधी आलो नाही. बायकांच्या कोचमध्ये बसून गाण्याच्या भेंड्या कोण ऐकणार. पण तू परत यायचीस तेव्हा मी घरी असायचो आणि मी बघायचो. एक, आल्या आल्या तू कार्डिगन काढून थेट मशीनमध्ये टाकायचीस. इतर दिवशी तेच कार्डिगन आठवडाभर खुर्चीवर लोंबकळायचं. दोन, हात धुवायचीस, लिंबू लावून धुवायचीस. आणि तिसरं म्हणजे तोंडात लवंग. घरी तू लवंग कधी खाल्ली नाहीस. दात दुखला तरी नाही, तिखट लागते म्हणायचीस.

"वास कसला येतोय?" मी विचारायचो.

"समुद्राचा. समुद्रावर गेले होते ना."

त्या संध्याकाळी तू खूश असायचीस, हे मात्र खरं. गुणगुणत भाकऱ्या थापायचीस. माझ्या पानात दोन वेळा तूप वाढायचीस. तूपही मला संशयाचंच वाटायचं.

तेराव्याला घर भरलं होतं. प्रमिलावहिनी मेडनहेडहून आल्या होत्या, डॉक्टरांची बायको, तुझ्यासारखीच कोकणातली, तुझी ट्रिपची जोडीदारीण. त्या किचनमध्ये पानं वाढत होत्या. मी जवळ जाऊन हळूच विचारलं.

"वहिनी, वेमथला शालन काय खायची?"

त्यांच्या हातातला वरणाचा डाव थांबला. "भाऊजी, आता कशाला?"

आता कशाला! म्हणजे काहीतरी आहे. काही नसतं तर त्या म्हणाल्या असत्या, सँडविच.

"खरं सांगा."

"मला खरंच माहीत नाही हो. आम्ही सगळ्या समुद्राकाठी प्रोमवर बसायचो, आइसक्रीम वगैरे. शालन एकटीच हार्बरकडे जायची. कोच सुटायच्या आधी बरोब्बर यायची. आम्ही विचारलं तर म्हणायची, माझी मैत्रीण आहे तिथं." आणि मग मला म्हणाल्या, "तुम्ही तुमच्या पानावर बसा बरं."

मैत्रीण. तुझी वेमथला मैत्रीण आहे आणि मला माहीत नाही. मी पानावर बसलो, पण घास उतरला नाही. लोकांना वाटलं दुःखानं. दुःख होतंच, पण त्यात हेही मिसळलेलं होतं. तू जेवलीस का, कुणाबरोबर जेवलीस, आणि काय. मला एवढंच पाहिजे होतं. मेलेल्या बायकोवर संशय घेतो म्हणून कुणी मला नावं ठेवली तर ठेवू देत. संशय यायला बायको जवळची लागते. लांबचं माणूस काय खातं, मला काय त्याचं?

नीताला सांगितलं मी वेमथला जातोय. आपली पोर, तुला माहीतच आहे, इथं जन्मलेली, मराठी बोलते पण चाकं निघालेल्या गाडीसारखी.

"बाबा, आई गेलीये. आता तुम्ही तिचा इन्व्हेस्टिगेशन करणार?"

"नुसतं बघून येतो."

"इट्स नॉट हेल्दी, बाबा. तो ट्रिप आईला आवडायचा. ती हॅपी होती. तुम्हाला का सगळा माहीत पाहिजे?"

"कारण मी नवरा आहे."

मग म्हणाली, "फोन चार्ज करून न्या. आणि लोकांच्या किचनमध्ये घुसू नका, प्लीज." तुझंच तोंड आहे तिचं.

गेलो. डबा नेला नाही, कारण करणारं कोणी नव्हतं. गाडीत तुझी जागा रिकामी, खिडकीजवळची. पूल स्टेशनच्या पुढं पाणी दिसायला लागतं तिथं तू मला नेहमी उठवायचीस, मी झोपलेला नसलो तरी. या वेळी मी जागाच होतो आणि पाणी आलं, आणि मला कोणी सांगितलं नाही.

निळं दार उघडं होतं. मी आत गेलो. आधी सवयीप्रमाणे खाली बघितलं, फरशी स्वच्छ. टेबलाच्या खालून बोट फिरवलं, चिकट नाही. लाल चष्म्याची बाई आली. मी चहा मागितला. कप उजेडाकडे धरून बघितला. ती बघतच होती.

"तुम्ही तिचा नवरा," ती म्हणाली. "कपावरून कळलं."

तिचं इंग्रजी मला कळत होतं, ती मुद्दाम सावकाश बोलत होती. मी सांगितलं की तू गेलीस. ती उभी होती ती समोरच्या खुर्चीत बसली. मग चष्मा काढून ॲप्रनला पुसला, परत घातला, परत काढला. मला बरं वाटलं. कोणीतरी मितभाषी वगैरे न म्हणता नुसतं रडलं.

मग मी विचारलं. "ती इथं काय खायची?"

"टोस्ट. चहा आणि टोस्ट."

"मासा?"

"मासा ती साफ करायची."

मला वाटलं माझंच इंग्रजी कमी पडतंय. तिनं मला उठवलं, मागच्या दाराशी नेलं. बाहेर एक पायरी आहे, हार्बरच्या बाजूला, नळ आणि एक बादली. बोटीवरून सकाळचा बांगडा आला की तू त्या पायरीवर बसायचीस, ती म्हणाली. साडी गुडघ्यापर्यंत खोचून, वर कार्डिगन, आणि सुरी अशी चालवायचीस की तिचा कुक, शिवराळ माणूस, तोही गप्प उभा राहून बघायचा. पहिल्या वर्षी तू नुसतं दारात येऊन विचारलंस, मी करू का? पैसे नको, काही नको, करू दे. तिला वाटलं वेडी बाई आहे. मग दर वर्षी ती वाट बघायला लागली.

"हातात ग्लव्ह्ज होते का?" मी विचारलं.

"नव्हते. तुम्ही कोणाला सांगणार आहात का, लव्ह?"

इथं कोणालाही लव्ह म्हणतात. नाही म्हटलं. आणि मग मला जे विचारायचं होतं ते विचारलं. साफ केल्यावर तळायचे ना? मग तू खायचीस?

"एक तुकडाही नाही. मी कितीदा प्लेट पुढं केली. म्हणायची, माय हसबंड. एवढंच म्हणायची, आणि हात असा करायची." तिनं हात करून दाखवला. तो तुझाच हात होता, तूप नको म्हणताना करायचीस तो.

शालन, मला एवढा राग आला. मी काय तिथं होतो? समुद्र तुझा, मासा तुझ्या हातातला, मी तिकडं बेसिंगस्टोकला टीव्हीसमोर, आणि तू माझं नाव पुढं करून तोंड बंद ठेवलंस? कोणी मागितलं होतं? मी चोरी पकडायला आलो होतो. येताना सगळी वाट मी ठरवत होतो की खाल्ला असशील तर तुला काय काय बोलायचं. खाल्ला नसशील तर काय बोलायचं ते मी ठरवलंच नव्हतं. हे उत्तर मला नको होतं. मला पाहिजे होतं की तू खाल्लेला असावास. हातानं, काटे काढत, बोटं चाटून, दर वर्षी.

मी त्या बाईला म्हणालो, "खरं सांगा. मी रागावणार नाही. मला आवडेल."

मग तिच्या तोंडावर थोडं हसू आलं.

"ती म्हणाली होती, तुम्ही एक दिवस याल आणि विचाराल."

"बरं. आणि आलो तर काय सांगायचं म्हणाली होती?"

ती उठली. माझा कप उचलला. "चहा गार झाला," म्हणाली. "दुसरा आणते."

बघ. बघ आता. मी कितीदा विचारलं, वेगवेगळ्या बाजूनं विचारलं. कँटीनच्या मॅनेजरलाही मी असं घेरलं नसेल. ती बाई बधली नाही. दुसरा चहा आणला, सोबत भाजलेला बटाटा आणला, साल कडक, आत लोणी. म्हणाली, ओव्हनमधला आहे, तेलाचा प्रश्न नाही, हे मला सांगून ठेवलंय. कोणी सांगून ठेवलंय ते विचारायची मला गरज नव्हती. मी खाल्ला. टेबलावर बसून. तिनं आणून दिला आणि तिनंच उचलून नेला. तू म्हणाली होतीस तसं, फक्त माणूस चुकीचा जेवला.

अंक वाचणाऱ्यांना वेमथला जायचं असेल तर तिथं जा. हार्बरवर, निळं दार. मी सहसा कुठली जागा सांगत नाही. कढई मी बघितली नाही, बघायची राहिली.

परत येताना गाडीत मी तुझी उलटतपासणी चालूच ठेवली. टोस्ट खाणाऱ्या बाईला लवंग कशाला लागते? हे त्या बाईनं सांगितलं नाही. हाताला लिंबू समजलं, कार्डिगन समजलं, बादलीपाशी बसलीस तर वास येणारच. पण लवंग तोंडात असते, शालन. तोंडाला वास कशाचा? मी तो प्रश्न विंचेस्टरपर्यंत चघळला. तुम्ही दोघींनी मिळून मला फसवलंय असं मला वाटतं. असं वाटलं की छातीतलं थोडं सैल होतं. आणि पुढच्या स्टेशनला वाटतं, नाही, ही बया खरंच नुसती पायरीवर बसून, सगळं साफ करून, हात धुऊन, टोस्ट खाऊन आली. हट्टी होतीस तू. मी सोड म्हणालो नव्हतो तरी सोडणारी, आणि मी खा म्हणालो असतो तरी न खाणारी. लवंगही मला चिडवायलाच खाल्ली असशील, तेही तुला जमलं असतं.

तुझ्यावर कुठल्या बाजूनं विश्वास ठेवू, तेच कळत नाही. दोन्ही बाजूंनी तू माझीच निघतेस. मला न दुखवता खाल्लंस, नाहीतर माझ्यासाठी खाल्लं नाहीस. मधलं काही सापडलं असतं तर मी भांडलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुपरमार्केटात गेलो. माशांच्या काउंटरपाशी उभा राहिलो. माणूस तोच. मी म्हणालो, बांगडा, आणि कल्ले उघडून दाखव. त्यानं माझ्या मागं बघितलं, तू आहेस का म्हणून. मग उघडून दाखवले. लाल होते का? लालसर होते. मला काय कळतं. मी म्हणालो, हा नको, तो दाखव. तिसरा पसंत केला.

घरी येऊन माळ काढली आणि खोलीत खिळ्याला अडकवली. प्रमिलावहिनींना फोन केला.

"वहिनी, बांगडा कसा तळतात?"

तिकडे नळ बंद झाल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "कोणासाठी, भाऊजी?"

"तिच्यासाठी. तुमच्या कोकणात गेलेल्या माणसाला पान दाखवतात ना, त्याच्या आवडीचं."

"हो," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांनी सगळं सावकाश सांगितलं. हळद, तिखट, मीठ, आगळ, म्हणजे कोकमाचा आंबट रस. आगळाची बाटली तुझ्या कपाटात मागच्या बाजूला निघाली, अर्धी संपलेली. आमटीला तू आगळ घालत नव्हतीस, चिंच घालायचीस. तेही मी लक्षात ठेवलंय. मग तांदळाचं पीठ लावायचं आणि मंद गॅसवर ठेवायचं, हलवायचं नाही. मी हलवला. एक बाजू तव्याला चिकटली. स्मोक अलार्म वाजायला लागला, मी टॉवेल हलवत उभा राहिलो, शेजारची बाई कुंपणावरून विचारत होती सगळं ठीक ना. ठीक आहे म्हणालो, स्वयंपाक करतोय. तिनं विश्वास ठेवला नाही.

तेल कुठलं ते सांगतो. नवी बाटली फोडली.

भात टाकला होता, तो थोडा मऊ झाला. तुझ्या ताटात भात वाढला, बांगडा ठेवला, न चिकटलेली बाजू वर केली, लिंबाची फोड ठेवली. टेबलावर तुझ्या जागेसमोर ताट ठेवलं, खुर्ची थोडी मागं ओढून ठेवली. पाण्याचा पेला भरला. मग म्हणालो, खा. गरम आहे.

आणि मी मागच्या अंगणात जाऊन पायरीवर बसलो. दार ओढून घेतलं. ऊन होतं, कुंपणावर एक मांजर बसलं होतं आणि दाराकडे नाक करून हुंगत होतं, त्याला हाकललं. आत काही आवाज आला असेल किंवा नसेल. मी दाराकडे पाठ करून बसलो, आणि तुझं होईपर्यंत वळून बघितलं नाही.